गुलाबी औषध

"हिच्या पोटात दुखतंय," गिरिजाबाई म्हणाल्या आणि रिकामी बाटली टेबलावर ठेवली. बाटलीवर डोसाच्या खाचा कापलेली कागदी पट्टी होती. पाच महिन्यांतली ही पाचवी बाटली. गॅसवरचं तेच गुलाबी औषध.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. "बाहेरचं खाल्लंस काही?"

"पाळीत दुखतं," रसिका म्हणाली. "उलट्या होतात. प्रिलिमचा पेपर अर्धा सोडून उठले. परवा जिन्यात चक्कर येऊन पडले. बारावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय आणि माझी तारीख त्यातच येतेय."

पडद्यापलीकडच्या बाकावरची कुजबुज थांबली. आईने तिच्या कोपराला चिमटा काढला. रसिकाने हात बाजूला घेतला.

डॉक्टर हसले. "अगं, सगळ्याच मुलींचं दुखतं. लग्न झालं, एखादं मूल झालं, की आपोआप थांबतं. काय हो वहिनी, सांगितलं नाही का हिला?"

आता आई मान हलवणार आणि बाटली पुढे सरकवणार, हे रसिकाला पाठ होतं.

गिरिजाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी ते सोडून दिलं.

"माझं लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, डॉक्टर. दोन मुलं झाली. माझं अजून दुखतं."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"पोटात दुखतं म्हणत होते. तुम्ही हेच औषध देत होतात."

रसिकाला घरातली फळी आठवली. भाईंदरला राहायला आल्यापासून तिथे ही बाटली असायचीच. आईला गॅसचा त्रास. हिने वांगं नुसतं बघितलं तरी गॅस होतो, म्हणून बाबा चेष्टा करायचे. आईही हसायची आणि ओट्याला पोट टेकून पोळ्या लाटत राहायची.

डॉक्टरांनी मिटलेलं पेन उघडलं. "कधीपासून दुखतंय? किती दिवस?" या वेळी ते रसिकाला विचारत होते. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. गोळी कधी घ्यायची ते त्यांनी समजावलं, बायकांच्या डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

"अजून एक लिहा," गिरिजाबाई म्हणाल्या. "माझ्या नावाची."

बाहेर विठू कंपाउंडरने सवयीने हात पुढे केला. "भरू, बाई?"

"नको."

बाकावर राई गावच्या सुगंधाबाई लेकीला घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर तसलीच रिकामी बाटली, तसलीच पट्टी. त्यांनी दोघींकडे पाहिलं. मग बाटली पिशवीत कोंबली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला उठवलं.

"चल आत. पाळीचं नाव घेऊन सांग. लाजायचं काम न्हाय."