सिस्टरांचे हात

"बाळ बघायला आलात की लग्नाला?" असं खडसावून कुमुद सिस्टर नवजात अतिदक्षता विभागाच्या दारातच प्रत्येक आईला बांगड्या उतरवायला लावायच्या. धायरीच्या अपेक्षानं डोहाळजेवणात भरलेला हिरवा चुडाही मुकाट काढला होता. तरी तिच्या जुळ्यांमधल्या धाकटीच्या रक्तात बुरशी शिरली आणि नवव्या दिवशी बाळ गेलं. मग सगळ्या कर्मचाऱ्यांच्या हातांची तपासणी झाली. आज रिपोर्ट आला. तीच बुरशी कुमुद सिस्टरांच्या अंगठ्याच्या नखुर्ड्यात होती. एवढ्याशा दुखण्याला कसली रजा, म्हणून त्या रोज येत राहिल्या होत्या. तेवढ्यात अपेक्षानं येऊन त्यांचे दोन्ही हात कपाळाला लावले. "तुमच्या हातांनी तिला नऊ दिवस जगवलं. थोरलीला दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका." सिस्टरांनी हात सोडवून पाठीमागं घेतले. "आधी टेबलावरचा रिपोर्ट वाच, पोरी. मग मला आत सोडू नकोस."