बारा काठ्या

“बारा काठ्या नेल्या, बारा आल्या. आता कुणाची वाट बघतोस?” तांडेल होडीतून खेकसला. “भरती चढतेय.”

“माणसं मोजतोय, काका. ओरडू नका.”

बेट फिरवायला नेताना हिराजी प्रत्येकाला एक काठी द्यायचा आणि परतल्यावर धक्क्यावर काठ्याच मोजायचा. आज होडीत कुणाची तरी पिशवी तशीच पडलेली दिसली, म्हणून त्यानं माणसं मोजली. अकराच भरली.

“दोन काठ्या कुणी दिल्या?”

लंगडणारी मुलगी पुढं आली. “मी, दादा. खडकावरच्या आजोबांनी स्वतःची मला दिली. म्हणाले, मी बसूनच आहे, तू ने.”

हिराजी तसाच बेटाकडे वळला. दुपारी त्यानंच आजोबांना झापलं होतं, “तुमच्यापायी सगळे खोळंबतात. इथंच बसा, येताना घेतो.” आणि येताना तो विसरून सगळ्यांना जंगलातल्या वाटेनं घेऊन आला. भरतीत तो खडक बुडतो.

“म्हातारा उठून वर गेला असेल,” तांडेलानं धक्क्यावर उतरून त्याचा हात धरला.

“मी बसा म्हणालो होतो. आणि काठीशिवाय कसे चढतील, काका? सोडा हात, मला निघायचंय.”