टाकीतला दिवा

या मायबापहो, जरा जवळ सरका. गोष्ट लहान आहे, पण मधे श्वास अडकेल, तेव्हा देवाचं नाव आधीच घेऊन ठेवा.

कारखान्यातल्या टाकीच्या तोंडाशी ओणवी झालेली मुलगी बोलता बोलता गप्प झाली. खाली तिचा बाप घोट्यापर्यंत पांढऱ्या द्रवात उभा होता. एका हातात फवारणीचा पाइप, दुसऱ्या हातात बॅटरीचा दिवा. आणि त्या पांढऱ्यावर पिवळसर तवंग धरला होता.

दुसऱ्या कुणाला त्या तवंगाचं काही वाटलं नसतं. पण तो द्रव तिने बनवला होता. बाप जन्मभर या टाक्यांमध्ये उतरून आतला चिकटा धुवत आला. त्यासाठी वापरतात ते जळजळीत रसायन त्याच्या छातीत घर करून बसलं. तो खोकायला लागला की शेजारी भिंतीवर थापा मारत. ती केमिकल इंजिनिअर झाली ती त्या खोकल्यापायी. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं घुसळून तिने हे दूध काढलं. पुष्कळ गरम पाणी, त्यात फळांच्या सालीच्या तेलाचे बारीक थेंब, आणि प्रत्येक थेंबाभोवती एका रसायनाचं पातळ कवच. कवच आहे तोवर तेल पेट घेत नाही, छातीत जात नाही. तसं तिने सगळ्यांसमोर ठामपणे सांगितलं होतं. म्हणूनच आज बापाला ठिणगी कोंडून ठेवणारा जुना जड दिवा दिला नव्हता. साधा, हलका दिवा दिला होता.

आता कवच फुटलं होतं. तेल सुटून वर आलं होतं आणि गरम टाकीत त्याची वाफ साचत होती. दिव्याचं बटण दाबताना आत उडते तेवढीशी ठिणगी भडक्याला पुरे होती.

"फेस आहे हो मॅडम," शेजारी उभे असलेले मॅनेजर हळूच म्हणाले. "आज थांबवलंत, तर उद्यापासून परत जुनंच रसायन. मला मग काही सांगू नका."

तिने ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. ओरडावं तर बाप दचकणार. शिडी निसरडी, दिवा हातातून सुटणार. मग ती घरच्यासारखी बोलली.

"बाबा, जरा वर या ना."

"आत्ता? अगं, आत्ता कुठे हात लावलाय. आणि तुझ्या दुधाला वास काय छान सुटलाय. संत्र्यासारखा."

वास सुटायलाच नको होता.

"या ना. काम आहे माझं."

"आईवर गेलीस अगदी. या म्हणजे या. हातातलं पुरं होऊ द्यायचं नाही." त्याने पाइप खाली ठेवला. शिडीला हात घातला. आणि काटकसरी माणसाचा अंगठा आपसूक बटणाकडे गेला.

"बाबा, दिवा राहू द्या."

"कशाला? वर उजेड काय कमी आहे?"

खरं सांगायची सोय नव्हती आणि खोटं सुचेना. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "अंधाराची."

बाप हसला. ते हसू टाकीत घुमत वर आलं. "एवढी शिकलीस, तरी ते राहिलंच का? बरं बाई. राहू दे तुझा दिवा."

तो एकेक पायरी चढू लागला. मधेच त्याला खोकल्याची उबळ आली. दिवा शिडीच्या लोखंडावर आपटला. तो आवाज ऐकून तिने डोळे मिटले. तिच्या मनात देवाचं नावसुद्धा आलं नाही, इतकी ती भ्याली होती. डोळे उघडले तेव्हा बापाचं टक्कल टाकीच्या तोंडाशी आलं होतं. तिने चालू दिवा त्याच्या हातातून काढून घेतला आणि तान्हं मूल न्यावं तसा दोन्ही हातांनी धरून आवाराच्या पार टोकाला नेऊन ठेवला.

तोवर मॅनेजर कामगारांवर खेकसत होते, "टाकीत काय पडलं? कोणी काय टाकलं?" ती बापाशेजारी फरशीवर बसली.

"बाबा, आज टाकीला कोणी हात लावला होता का?"

बाप लाजला. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस, हसतील मला. सकाळी लवकर येऊन मीच आतून घासली. चिकटा काय निघतोय, पण वरची घाण तरी गेली. चांगला भरपूर साबण लावला. अगं, तू पहिल्यांदा आमच्या कारखान्यात येणार, आणि तुझं औषध घाणेरड्या टाकीत ओतू द्यायचं?"

तिचं कवचाचं रसायन आणि साधा साबण एकमेकांना भेटले की घट्ट मिठी मारतात, आणि मधला थेंब उघडा पडतो. हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण प्रयोगशाळेतली भांडी शुद्ध पाण्याने विसळलेली असत. धुवायची टाकी कुणी मायेपोटी आधीच धुऊन ठेवील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

ती उठली आणि मॅनेजरना म्हणाली, "चूक माझी आहे. मिश्रण बदलून पुन्हा आणीन." मग बापाकडे वळली. "छान धुतलीत, बाबा. पुढच्या वेळी नुसतं पाणी मारा. साबण वाया जातो."

"हे मात्र पटलं," बाप म्हणाला.

तिचं दूध त्या कारखान्यात आलं, पण त्याला आणखी वर्ष जावं लागलं. तेवढं वर्ष बाप खोकत जुन्याच रसायनात उतरत राहिला. मायबापहो, हात जोडाल तेव्हा त्या म्हाताऱ्याला आठवा. मात्र भेटलाच कधी, तर साबणाचं काही बोलू नका. लेकीने त्याला ते अजून कळू दिलेलं नाही.