ओरखड्या

“आले बघा ओरखड्याबुवा,” फाटक वाजलं तशी ओदेसा म्हणाली.

हायरम तिचा व्याही. व्हरमाँटमधल्या त्याच्या गावी सैतानाला ‘म्हातारा ओरखड्या’ म्हणत. रोज संध्याकाळी हायरम या सैतानाच्याच गोष्टी सांगे, म्हणून ओदेसाने ते नाव हायरमलाच चिकटवलेलं. ती मिसिसिपीची. तिच्याकडचा सैतान चौरस्त्यावर गिटार घेऊन उभा असे. ओहायोतल्या लेकीच्या ओसरीवर दोन्ही सैतानांची रोज जुंपायची.

लेक, कोरिन, मटार सोलत ऐकत होती. लक्ष मात्र पायाशी बसलेल्या मुलाकडे, एमेटकडे. अडीच वर्षांचा झाला, तोंडातून शब्द नाही. पाठीमागे टाळी वाजवली की वळायचा; ती दिवसातून कितीदा तरी वाजवून बघायची. उद्या आणखी एका मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

हायरमचं म्हणणं, सैतानाला शब्दांत पकडावं. त्यांच्याकडच्या एका शेतकऱ्याने म्हणे ‘यंदाचा बर्फ वितळला की जीव देईन’ असं कबूल केलं, आणि मूठभर बर्फ भुशात पुरून ठेवला. सैतान अजून दाराशी बसलाय.

“तुमच्याकडचा वादात हरतो, कारण तुम्हा गोऱ्यांना वाद घालू देतात,” ओदेसा म्हणाली. “आमच्याकडचा काही घेतल्याशिवाय जात नाही.”

एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. हाक मारल्याशिवाय तो येत नाही, आणि मारली की आल्यावाचून राहत नाही.

कोरिनने मनातल्या मनात हाक मारली. कुणाला, ते स्वतःलाही विचारलं नाही. याला एक शब्द दे. कुठलाही. पहिला ‘मम्मा’च हवा असं नाही, तो तू ठेवून घे.

एमेटने एक शेंग उचलली. हायरमपुढे धरली.

“ओखड्या,” तो म्हणाला.

टोपली कलंडली. ओदेसाचा हात तोंडावर गेला. पोराला वाटत होतं, आजोबांचं नावच ते.

“ओखड्या,” त्याने पुन्हा हाक मारली, जरा रागावून.

दुखरे गुडघे धरत हायरम खुर्चीतून उतरला आणि त्याच्यापुढे खाली बसला.

“हाक मारली की यावंच लागतं, विहीणबाई,” तो म्हणाला.

“आणि घेणार काय आता सैतान?” ओदेसाने डोळे पुसत विचारलं.

कोरिन सांडलेले मटार चाचपून गोळा करत होती. तिला नीट दिसत नव्हतं.

“घेतलं त्याने, आई,” ती म्हणाली. “स्वस्तात सुटले मी.”