मागच्या सीटवरचे परीक्षक

"वळताना हात दाखवला नाहीत, जावईबापू," मागच्या सीटवरून सासरे म्हणाले.

"रस्त्यावर कोणी नाही, बाबा."

"नसणाऱ्यांसाठीच दाखवायचा असतो. असणारे आपलं आपण बघून घेतात."

जावयाने हात दाखवला. तोवर वळण मागे पडलं होतं. सासरे वाहन परवान्याचे परीक्षक म्हणून निवृत्त झाले होते; नोकरीत असताना त्यांनी अर्धं शहर नापास केलं होतं, आणि होणाऱ्या जावयालाही त्यात सामावून घेतलं होतं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. म्हणून रविवारी जोडसायकल: पुढे जावई, हँडल आणि डोळे; मागे सासरे आणि शेरे.

नदीकाठच्या उद्यानातून सायकल रमतगमत चालली होती. दिसेल ते जावई सांगत होता. बाकावर म्हातारं जोडपं, दोघांत मिळून एक वर्तमानपत्र. पाण्यात बदकं. एक बाबागाडी, तिच्यात बाळ नाही, भाजी. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याचा आवाज अलीकडे लिफ्टमधल्या बाईसारखा झाला होता. मजला कुठलाही असो, सूर तोच.

आज त्याला सासऱ्यांना एक गोष्ट सांगायची होती. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या होत्या. बायको गुरुवारी दुसऱ्या शहरात राहायला चालली होती, वडिलांना घेऊन. "तूच सांग त्यांना," ती म्हणाली होती, "तुझं ऐकतात ते." संसाराच्या शेवटी त्याच्या वाट्याला आलेली ही एवढीच तारीफ, आणि तीही कामाला जुंपण्यासाठी. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो वाट बघत होता. अजून वाटलं नव्हतं.

पूल ओलांडला की शेतं लागायची.

"काय दिसतंय?"

"डावीकडे कोबी. उजवीकडे नांगरून ठेवलंय. लांब एक ट्रॅक्टर, उभा. पाण्याचे फवारे चालू आहेत, कोपऱ्यातला तेवढा बंद."

"हल्ली फार मन लावून सांगता."

"म्हणजे?"

"पूर्वी 'छान आहे' म्हणायचात आणि मोकळे व्हायचात. आपण नापास होणार हे ज्याला ठाऊक असतं, तोच आरसे इतके नीट बघतो."

पंपघराच्या सावलीत ते उतरले. इथे पाणी प्यायचं आणि परत फिरायचं, असा त्यांचा शिरस्ता. जावयाने बाटली उघडून त्यांच्या हातात दिली आणि घसा साफ केला.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"गुरुवारचं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज काय लपून राहतो? आठवडाभर चाललंय. त्यात तुम्ही दोघं एकमेकांशी इतकं सभ्यपणे बोलायला लागलात, म्हटलं, आटोपलं सगळं." सासऱ्यांनी दोन घोट घेतले, चाचपून टोपण लावलं. "सांगायचं काम तिनं तुमच्यावर टाकलं. विचारायचं कोणावर टाकलंय?"

"काय विचारायचं?"

"म्हातारा कुठे राहतोय ते."

"तुमच्यासाठी वेगळी खोली आहे म्हणे तिकडे. खिडकीखाली बाग आहे."

"असेल. मला काय करायची बाग? इथे मी सकाळी उठून चहा टाकतो, तुमचाही टाकतो, एक थेंब सांडत नाही. तिकडे साखरेचा डबा शोधण्यात हिवाळा जाईल." सासऱ्यांनी बाटली त्याच्यापुढे धरली. "पण 'तू सोडलेल्या नवऱ्याकडेच राहतो', असं मी आपणहून लेकीला कसं सांगू? कुणी राहा म्हटलं, तर गोष्ट वेगळी."

इतका सोपा प्रश्न त्यांनी उभ्या नोकरीत कुणाला घातला नसेल. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तेही प्रश्नपत्रिकेतच छापून दिलेलं. जावयाने तोंड उघडलं. शब्द आत कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. असं झालं की काय करायचं, हे खरं तर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं: वर जायचं, वीज बंद करायची आणि चाक हाताने फिरवायचं. इथलं चाक कुठे बसवलंय, ते काही त्याला सापडेना.

"ऊन वाढतंय, बाबा," तो म्हणाला. "निघू या."

सासरे जागेवरून हलले नाहीत. विचार करायला उमेदवाराला जेवढा वेळ देतात, तेवढा त्यांनी दिला. मग उठले.

"निघू या," ते म्हणाले.

परतीच्या रस्त्याला थोडा चढ होता.

"काय दिसतंय?"

"कोबी."

"आणि?"

"कोबीच आहे, बाबा. पार पुलापर्यंत."

"बरं."

जोडसायकलची पुढची-मागची पेडलं एकमेकांना जोडलेली असतात; एकाने फिरवली की दुसऱ्याची फिरतातच. मागे सासरे जोर लावत होते, त्यांची धाप ऐकू येत होती. पुढे जावयाचे पाय गोल गोल फिरत होते, आणि लांबून बघणाऱ्याला दोघंही सायकल चालवताहेत असंच वाटलं असतं.