माळ्यावरची एकादशी

या मायबाप, असे पुढं सरकून बसा. सोनईच्या शिवारातल्या एका घराची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, आरतीच्या आत संपेल.

त्या घरात राहीबाई शेंगा फोडत बसली होती. फराळाला दाणे हवे होते. पण नजर वर लागलेली, त्यामुळे दाणे टरफलांत पडत होते आणि टरफलं दाण्यांत.

वर तुळई होती. आजेसासऱ्यांनी घातलेली, बाभळीची, धुरानं काळी झालेली. त्या तुळईवरच्या माळ्यानं आजवर बाजरीची पोती सांभाळली, माणूस कधी सांभाळला नव्हता. आता तिचा लेक बजरंग यानं पत्रे उंच करून, भिंतीत खिडकी काढून, माळ्यावर फरशी घालून त्याची खोली केली होती. बाहेरून लोखंडी जिना. सून निकिता उद्या राहुरीहून, माहेराहून, तान्ह्या लेकीला घेऊन यायची होती. रात्री मायलेकी वर निजणार. दिवसा नात खाली, पाळण्यात. आणि पाळणा टांगला होता त्याच तुळईच्या कडीला.

फरशी बसली त्या दुपारी तुळईतून आवाज आला होता. कर्र. एकदाच. गवंडी म्हणाला, जुनं लाकूड आहे, अंग मोडतं. बजरंगनं वर जाऊन दोनदा पाय आपटून दाखवला आणि सुप्याला कामावर निघून गेला. राहीला त्या दिवसापासून घास गोड लागेना.

नवऱ्याला तिनं सकाळीच पुन्हा तुळईचं विचारलं होतं. पुंजाराम गावच्या भजनी मंडळाचा वीणेकरी. तो म्हणाला, "भार देवावर टाकावा."

"भार देवावर न्हाई, तुळईवर हाय," ती म्हणाली. "आन् माझी नात तिच्यावर निजनार हाय."

पुंजारामानं उठून टोपी घातली आणि देवळाकडं गेला.

दिवेलागणीला तो परतला तो सगळं मंडळ घेऊनच. एकादशीचं भजन आज देवळात नव्हतं, माळ्यावर होतं. त्यानं कुणापासून काही लपवलं नव्हतं. माळा नवा आहे, घरच्यांना धीर नाही, तेव्हा आज वर सगळ्यांनी एका तालात पाय टाकत पावली खेळून बघायची, असं वाटेतच सांगितलं होतं. ऐकून एकही टाळकरी मागं फिरला नाही. पखवाज वाजवणारा सहादेव चांगला आडव्या अंगाचा. जिना त्याच्याखाली कुरकुरला तसा तो थांबून म्हणाला, "वैनी, फराळ खाली आल्यावर द्या. भरल्या पोटाचं वजन तुळईच्या नावावर नको." सगळे हसले. राहीला हसू आलं नाही.

"तू अंगनात थांब," पुंजाराम तिला म्हणाला आणि गळ्यातली वीणा सावरत सगळ्यांच्या मागून वर चढला.

ती तुळशीपाशी उभी राहिली. वर टाळ लागले. आधी संथ, मग पखवाजानं चाल धरली आणि विठ्ठल विठ्ठल म्हणत पावलं पडू लागली. नव्या खिडकीत टोप्या वर होत, खाली जात. सगळी पावलं एकदम खाली आली की पत्रे थरथरत. राहीनं डोळे मिटून नाम घ्यायला तोंड उघडलं, तर नामही आठवेना.

आणि मग तिला खिडकीत वीणा दिसली. टाळकरी कानिफनाथाच्या गळ्यात.

ती चरकली. वीणा कधी खाली ठेवत नाहीत. जायचंच झालं तर दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि मग हलायचं. पण भजन रंगात असताना पुंजारामानं आजवर ती कुणाला दिली नव्हती. तिनं एकेक टोपी न्याहाळली. त्याची टोपी वर नव्हती.

ती दारात धावली.

पुंजाराम तुळईखाली बसला होता, अगदी कडीच्या खाली. रिकामा पाळणा त्याच्या डोक्याशी हिंदकळत होता आणि पाळण्याची दोरी त्यानं एका हातात घट्ट धरली होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. वरची पावलं पडली की फटींतून माती गळे, टोपीवर, खांद्यावर, आणि त्याच्या मिटल्या पापण्या आणखी आवळल्या जात.

"अवं, हितं काय करताय?"

"लाकूड काय म्हनतंय ते वर ऐकू येत न्हाई," तो डोळे न उघडता म्हणाला.

"आन् देवावरचा भार?"

"त्यालाच सांगितलंय. तुझा हात कमी पडला, तर पैलं मला कळू दे." मग हळूच म्हणाला, "तू भाईर हो."

राही बाहेर झाली नाही. टरफलं पायानं सारून ती त्याच्या शेजारी टेकली आणि पाळण्याची दुसरी दोरी तिनं धरली. वर गजर टिपेला गेला. दोघांचेही कान तुळईला लागले होते.

गजर थांबला. पाळणा थोडा हलला आणि आपोआप स्थिर झाला. तुळईनं एक शब्द काढला नव्हता. राहीनं पदरानं नवऱ्याच्या टोपीवरची माती झटकली आणि दाणे निवडायला घेतले, कारण जिन्यावर सहादेवाची पावलं वाजू लागली होती.

उद्या नात येईल, त्या पाळण्यात निजेल. मायबाप, तुमच्यापाशी एवढंच मागणं: कुठं कीर्तनात वीणेकरी उभा दिसला, तर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून रिकाम्या पाळण्याखाली जाऊन बसलेल्या पुंजारामाची आठवण असू द्या.