बिरूचा पटका

"काजळ्या, ये हिकडं! येतोस का न्हाई?"

काजळ्या ओढ्यापल्याड दगडावर बसला व्हता. कान पाडलेले, शेपटी भुईवर घाशीत व्हता, पर जागचा हलत नव्हता. बिरूनं काठी आपटली. तसा तो उठला आन् आणखी वरच्या दगडावर जाऊन बसला.

काल वेल्ह्याच्या बाजारात पिसाळलेलं कुत्रं माणसांना चावलं व्हतं. आज सकाळी सावळाराम पाटलानं दवंडी पिटवली. ज्याचं कुत्रं त्यानं बांधून घालायचं, मोकळं दिसंल त्याला गोळी. खालच्या आळीतनं बंदुकीचे बार बिरूनं आपल्या कानानं ऐकले. आन् आता पाटील बंदूकवाल्याला घेऊन धनगरवाड्याची चढण चढत व्हता. करवंदीच्या जाळ्यांमधनं त्यांची डोकी दिसाया लागली व्हती.

काजळ्या म्हंजे काय आसंतसं कुत्रं नव्हं. तरसाच्या तोंडातनं कोकरू सोडवून आणलेला गडी. एकच खोड. ससा दिसला की सुटायचा. मग बिरू हाळी घालायचा, हा बापडा जीभ लोंबवत यायचा. आला की बिरू त्याला दोरीनं उंबराला बांधायचा आन् काठीनं हाणायचा. बिरूच्या बापानं कुत्री आशीच वळणावर आणली, आज्यानंबी आशीच. दुसरी रीत कुणाला ठावं?

ठकुबाई, बिरूची बायको, चुलीपुढनं म्हणायची, "आवो, पळाला तवा मारलं न्हाई, माघारी आला तवा मारलंत. त्याला वाटणार, आलो हेच चुकलं."

"तू भाकरी थाप. कुत्र्याची वकिली नगं करूस."

तिनं कधी त्याच्यावर हात उगारला न्हाई. ती आसती तर एका हाकेत काजळ्या तिच्या पायात येऊन पडला आसता. पर ती गेलेली माहेरी, पालीला.

बिरूनं दोरी उचलली आन् ओढ्याकडं निघाला. दोरी बघितली आन् काजळ्या मागं सरला. आणखी थोडं मागं गेला की रान, आन् रानात मोकळा सापडला म्हंजे मेला. बिरू थांबला. हातातल्या दोरीकडं बघितलं, काठीकडं बघितलं. दोरी म्हंजे उंबर, उंबर म्हंजे काठी. आपुनच शिकवलं, आन् पोरगं नीट शिकलं.

त्यानं दोन्ही फेकून दिलं, लांब, निवडुंगात.

एक गोष्ट मातुर काजळ्याला कुणी शिकवली नव्हती. बिरू ओढ्यावर आंघोळीला उतरला की घोंगडी काठावर टाकायचा. काजळ्या आपल्या मनानं यायचा आन् त्या घोंगडीवर बसायचा. बिरू वर येईस्तवर कावळ्यालाबी फिरकू द्यायचा न्हाई.

बिरूनं खांद्यावरची घोंगडी काढली, ओढ्याच्या काठाला अंथरली. जरा बाजूला जाऊन पाठ करून बसला. हाक न्हाई, शिट्टी न्हाई. मागं वळून बघायचाबी धीर झाला न्हाई. खालनं पाटलाच्या वहाणा करकरत जवळ येत व्हत्या.

पाण्यात डुबुक वाजलं. मग ओल्या केसांचा वास आला.

काजळ्या घोंगडीवर बसला व्हता. बिरू गुडघ्यांवरच सरकत त्याच्यापाशी गेला. मानंला हात लावावा म्हणून हात पुढं केला, तसे काजळ्यानं डोळे गच्च मिटले. पळाला न्हाई. आता मार बसणार म्हणून अंग चोरून, डोळे मिटून बसून ऱ्हायला.

बिरूचा हात तसाच वरच्यावर ऱ्हायला.

आता ह्या बिरूची एक गोष्ट सांगाया पायजे. गडी ताठ मानंचा. मागं एकदा पाटलाच्या नाचणीत मेंढरं शिरली. मेंढरं दुसऱ्याची, आळ बिरूवर. पंच म्हणले, पाटलाच्या पायावर पटका ठेव, मिटवून टाकू. बिरू म्हणला, "ज्याचं आपल्या हातनं वाईट झालं, त्याच्या पायावर पटका ठेवायचा. उगं कुणाच्याबी न्हाई." पाटलानं आपला माळ बंद केला. बिरूनं सालभर मेंढरं पार हिर्डोशीच्या अंगाला हिंडवली, पर पटका काय उतरला न्हाई.

त्या बिरूनं आता हात मागं घेतला आन् डोक्यावरचा लाल पटका उतरवला. काजळ्याच्या पायापाशी ठेवला.

काजळ्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. पटक्याचा वास घेतला. खोबरेल, घाम, मेंढराची लोकर. सगळं वळखीचं. त्यात काठी कुठंच नव्हती. त्यानं मान पुढं केली. बिरूनं पटका हळूच मानंभोवती घेतला, सैल गाठ मारली आन् दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं.

तवर पाटील आन् बंदूकवाला वर पोचले. बंदूकवाल्यानं बंदूक उचलली, बघितलं आन् खाली केली. "बांधलंय, पाटील."

पाटलानं धापा टाकत बिरूचं उघडं डोकं बघितलं, काजळ्याच्या मानंतला पटका बघितला. मग पोट धरून हसाया लागला. "काय रं बिरू! पंचांचे घसे बसले, तरी माझ्यापुढं पटका उतरवला न्हाईस. आन् आज कुत्र्याच्या पायाशी?"

बिरू काजळ्याच्या मानंवरनं हात फिरवत व्हता. वर बघितलंच न्हाई.

"तुमाला म्या कधी काठीनं मारलं न्हाई, पाटील."